'घरी पोचायच्या आधीच त्याला कळलेलं असतं'

मागच्या अंकात यूपीआयच्या फसवणुकीवर लिहिलं आणि शेवटी म्हटलं की मोबाईलबद्दल काहीही विचारा, लाजू नका. वाटलेलं की ओटीपी, लॉटरी, 'आज रात्री तुमची लाईट तोडणार' असल्या मेसेजवर प्रश्न येतील. ते आलेच. पण त्यात काही पत्रं घरातल्याच माणसानं, बहुतेक नवऱ्यानं, ठेवलेल्या पाळतीची आणि छळाची अशी निघाली की ती वाचून बाकीचा गठ्ठा बाजूलाच ठेवला, म्हणून या वेळचं सदर फक्त त्यांचं. मी वकील नाही, पोलीस पण नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत भावाबरोबर अकरा वर्षं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवलं, आणि काउंटरवर बसून लोकांच्या घरातलं जेवढं कळतं तेवढं त्यांच्या पाहुण्यांना पण कळत नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते वकील मैत्रिणीकडनं बघून घेतलंय. गावं आणि बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात, तेव्हा ही आमच्या गल्लीतली कोण म्हणून शोधत बसू नका.

प्रश्न: ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. मी कुठं गेले ते नवऱ्याला मी घरी पोचायच्या आधीच कळलेलं असतं. परवा महाद्वार रोडवरनं येताना मैत्रिणीबरोबर रंकाळ्यावर दहा मिनिटं टेकले, तर घरात पाऊल टाकताच 'झाली का भेळ खाऊन' म्हणून सुरू, आणि रात्री हात उचलला. माझ्या फोनमध्ये ॲप टाकलंय का त्यानं? कसं काढायचं?

आधी एक ऐका. आज काही काढू नका.

दुकानात एक बाई आलेल्या, कडेवर पोरगं, म्हणाल्या फोन लई गरम होतोय. बघितलं तर 'सिस्टिम सर्व्हिस' नावाचं ॲप, आयकॉन पण अगदी मोबाईलमधलंच वाटावं असं, आणि त्याला लोकेशन, माईक, मेसेज सगळ्याची परवानगी दिलेली. मी दहा मिनिटांत उडवलं, पैसे पण घेतले नाहीत, स्वतःवरच खूश. पाचव्या दिवशी त्या परत आल्या तर फोनची काच फुटलेली आणि मनगटाला प्लास्टर. इकडं ॲप गेलं की तिकडं त्याला माहिती यायची बंद, मग कळायला कितीसा वेळ लागतोय. चूक माझी होती, घरी गेल्यावर काय होईल हे मी त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

म्हणून आता मी उलट्या क्रमानं सांगते. पहिल्यांदा असा फोन शोधा ज्याला त्याचा हात कधी लागलेला नाही, मैत्रिणीचा, ऑफिसातल्या मॅडमचा, आईचा. काही शोधायचं, वकिलाशी बोलायचं, महिलांच्या हेल्पलाइनला म्हणजे 181 ला फोन करायचा, ते सगळं त्या फोनवरनं. तुमच्या फोनवर मात्र भिशीचा ग्रुप, रेसिपीचे व्हिडिओ, आईचे कॉल हे रोजच्यासारखं चालू दे, एकदम गप्प झालेल्या फोनचा पण संशय येतो. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोवर विसंबू नका, त्यानं फक्त हिस्टरी राहत नाही, स्क्रीन दाखवणारं ॲप असेल तर त्यात तेही दिसतं.

आता त्याला कळतं कसं? ॲप असेलही, पण मी बघितलंय त्यात बहुतेक वेळा ॲप नसायचंच. फोन घेतला तेव्हा जीमेल कुणी काढून दिलं? नवऱ्यानं. पासवर्ड कुणाला माहीत? त्यालाच. मग तुमच्या फोनला हात लावायची गरजच उरत नाही, हरवलेला फोन शोधायची जी गुगलची सोय आहे तीच तो तुम्हाला शोधायला वापरतो, आणि फोटो बॅकअपला असतील तर तेही तिकडं बसून बघतो. गुगल मॅपमध्ये लोकेशन शेअरिंग 'बंद करेपर्यंत' असं एकदा ठेवलं की महिनोन् महिने चालू राहतं. व्हॉट्सॲपचं तसंच, तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात क्यूआर कोड स्कॅन केला की तुमचं अख्खं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर, एका अकाउंटला चार डिव्हाइस जोडता येतात आणि तुमचा फोन बंद असला तरी तिकडं चालतं. यासाठी फोनचं लॉक उघडावं लागतं ते खरं, पण एका बाईंच्या फोनमध्ये मला चार बोटांचे ठसे नोंदवलेले सापडले होते, त्यांच्या स्वतःच्या बोटांचे दोनच. आणि झोपेत बायकोचं बोट लावून फोन उघडणारे पण असतात हो.

नुसतं बघितलेलं सहसा त्याला कळत नाही, बदललेलं लगेच कळतं. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत कुठल्या कुठल्या फोनवर तुमचं अकाउंट चालू आहे ते दिसतं, मॅपमध्ये स्वतःच्या फोटोवर दाबलं की लोकेशन शेअरिंग, सेटिंगमध्ये फिंगरप्रिंट किती आहेत ते मोजा. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन ठिकाणी अनोळखी नाव असेल किंवा प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट कुणीतरी बंद करून ठेवलेलं असेल तर ॲपचा संशय धरा. जे दिसेल त्याचा फोटो दुसऱ्या फोननं काढा, तुमच्याच फोनवर स्क्रीनशॉट काढला तर तो गॅलरीत पडून राहतो. पण स्क्रीन दाखवणारं ॲप आहे असा दाटच संशय असेल तर ही तपासणी पण आत्ता नको. बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो यावरनं काही ठरवू नका, मे महिन्यात इथं सगळ्यांचेच फोन तापतात.

आणि एक शक्यता, रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी त्याचा एखादा दोस्त उभा असेल. कोल्हापूर आहे हे, निम्म्या बातम्या इथं मोबाईलशिवायच पोचतात.

पासवर्ड बदलणं, लॉग आऊट, ॲप काढणं हे सगळं एकदमच करायचं, तुम्ही सुरक्षित जागी पोचल्यावर किंवा 181 वरच्या समुपदेशकाशी बोलून दिवस ठरवून. मारहाण चालूच असेल तर 112. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर बाजूचं पॉवर बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, तुमच्या फोनवर ही सोय चालू आहे का, आणि दाबल्यावर सायरन वाजतो का, हे तो घरात नसताना सेटिंगमध्ये वाचून ठेवा.

प्रश्न: मी गडहिंग्लजकडची हाय. शिवणकाम करतो. माझं सिम मालकांच्या (नवऱ्याच्या) नावावर, आधारला नंबर त्यांचा, बँकेचे मेसेज त्यांनाच जातात. लाडक्या बहिणीचे 1500 जमा झाले की माझ्याआधी त्यांना कळतंय आणि संध्याकाळी काढून हातावर ठेवावे लागतात. नाही दिले की चार दिवस घरात बोलणं बंद, पोरांना पण बोलू देत नाहीत. हे पण छळात येतं का?

येतं की! मारलं तरच छळ असं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाण, लैंगिक छळ, टाकून बोलणं-अपमान आणि आर्थिक छळ अशा चारही गोष्टी आहेत, आणि बाईचे पैसे तिच्या हाताला लागू न देणं हे त्यातल्या चौथ्यात बसतं. (आपल्या शाहू महाराजांनी करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1919 लाच कायदा केला होता. देशाच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला 2005 उजाडलं.)

आता तुमचा खरा प्रश्न सिमचा आहे. सगळ्या जगाला ॲपची भीती आणि इकडं निम्म्या बायकांचं सिमच नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर. कंपनीच्या लेखी ज्याचं नाव तो मालक, तो गॅलरीत जाऊन 'सिम हरवलं' म्हणाला की डुप्लिकेट मिळतं, ते चालू झालं की तुमचं बंद आणि सगळे ओटीपी त्याच्याकडं. पोर्ट केल्यानं पण नाव बदलत नाही. तेव्हा जुन्या सिमला हात न लावता स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या, साधा बटणाचा फोन घ्या, आणि तो घरात न ठेवता जिथं शिवायला बसता तिथं ठेवा, कापडाच्या गठ्ठ्यात कोण बघतंय.

मग आधार. आधारला लावलेला मोबाईल नंबर केंद्रावर बोटाचा ठसा देऊन बदलता येतो, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही आणि मालकांची सही तर मुळीच नाही. पोस्टमनमार्फत घरबसल्या पण होतं, पण तो घरी येणार आणि सगळी आळी बघणार, तुमच्या बाबतीत केंद्रच बरं. त्यानंतर वेगळ्या बँकेत किंवा पोस्टात नव्या नंबरवर खातं.

पण इथं थांबा जरा. सरकारी पैसे आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं त्या खात्यात पडतात, म्हणजे नवीन खातं अनुदानासाठी आधारला जोडलं की 1500 जुन्या खात्यात यायचे बंद, आणि त्याच महिन्यात घरात विचारणा. म्हणून खातं उघडताना अनुदान या खात्यात नको असं फॉर्म भरतानाच स्पष्ट सांगा, पुढं तुमची तयारी झाली की जोडून घेता येईल. तोवर शिवणकामातले थोडे थोडे तिथं टाका. 1500 गेले तर जाऊ देत काही महिने, ते हातावर ठेवताय तोवर त्यांना बाकीचं दिसत नाही. जुन्या खात्याचा नंबर मात्र आत्ता बदलू नका, नंबर बदलल्याचा मेसेज बरेचदा जुन्या नंबरवर पण जातो. पासबुक, कार्ड, पोरांचे जन्मदाखले यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडं ठेवा. त्या घराबाहेर ठेवा एवढंच बघा, दुसरं काही नाही.

प्रश्न: माझी पत्नी नोकरी करते, यायला उशीर होतो. तिच्या सुरक्षिततेसाठी मी तिच्या फोनमध्ये लोकेशन आणि कॉल कळणारं ॲप टाकलेलं आहे. तिला सांगितलेलं नाही कारण ती गैरसमज करून घेईल. हेतू चांगला असताना यात चूक काय?

हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय की पत्र वाचताना आवाज पण ओळखीचा वाटला. 'जरा बायकोच्या मोबाईलात काहीतरी टाकून द्या की, काळजीपोटी.' भाऊ, हेल्मेट कुणी बायकोला न कळता घालतं का? काळजी असेल तर सांगून करता येते, जे लपवावं लागतंय ते दुसरंच काहीतरी आहे आणि ते तुम्हाला पण माहीत आहे. तुमचं लोकेशन तिच्याकडं आहे का, हे पत्रात कुठं लिहिलेलं नाही.

कायद्याचं विचाराल तर बाईचं इंटरनेट, ईमेल किंवा मेसेज-कॉलचा वापर यावर पुरुषानं पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलाग या गुन्ह्यात येतं, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, परत केलं तर पाचपर्यंत. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्याआधी हेच भारतीय दंड संहितेच्या 354-ड मध्ये होतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये परवानगीशिवाय घुसणं हे आयटी कायद्यात वेगळं. नवरा आहे म्हणून सूट, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. तिला सांगा आणि तिच्याच हातानं काढू द्या, त्यानंतर ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, हात-तोंड आवरून.

प्रश्न: बहीण दोन पोरांना घेऊन कायमची माहेरी आलीय, कागलला. नवरा रोज पन्नास मेसेज टाकतोय, धमक्या, शिव्या. मी तिचा फोन रिसेट मारून नवीन करून देणार होतो. मित्र म्हणाला थांब. केस करायची तर पुरावा काय लागतो?

मित्राला चहा पाजा. रिसेट मारला असता तर धमक्या पण गेल्या असत्या.

तो फोन तसाच ठेवा, सिमसकट, मेसेज डिलीट नाही, ब्लॉक पण लगेच नाही. बहिणीला रोजच्या वापराला दुसरा फोन, नवं सिम आणि नवं जीमेल द्या. जुन्या अकाउंटचा बॅकअप त्यावर घेऊ नका, नाहीतर जुनी भानगड नव्या फोनवर येते. पोरांचा टॅब पण बघा, त्यात बापाचं अकाउंट असेल तर टॅब जिथं जाईल तिथलं लोकेशन त्याला. ती कागलहून पुढं दुसरीकडं राहायला जाणार असेल तर तिकिटाचे पैसे त्याला दिसणाऱ्या खात्यातनं देऊ नका, रोख द्या, एसटीला बायकांना अर्धंच तिकीट आहे. पोरं बापाशी व्हिडिओ कॉलवर बोलत असतील तर भिंतीकडं पाठ करून बसवा, खिडकीतनं दिसणाऱ्या एका देवळावरनं गाव ओळखता येतं.

पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट घ्याच, पण त्यात नुसतं 'अहो' म्हणून सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही, नाव उघडून आतला नंबर दिसेल असा पण एक घ्या, तारीख-वेळ दिसू दे. सगळं चॅट वरनं खाली सरकवत दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढा, गायब होणारे मेसेज असतील तर हाच उपाय. चॅट एक्सपोर्ट करून तुमच्या ईमेलवर ठेवा. कोर्टात डिजिटल पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील, पण मूळ फोन हातात असला पाहिजे. एका वहीत तारखा लिहून काढा, काय झालं, कोण होतं. मार लागलेला असेल तर कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, कसं लागलं ते डॉक्टरांना खरं सांगा, 'जिन्यावरनं पडले' नको.

चोरून केलेल्या कॉल रेकॉर्डिंगबद्दल सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय की नवरा-बायकोच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येतं. पण हे दोन्ही बाजूंना लागू आहे, बहिणीनं चिडून काही बोललं तर तो पण तेच वाजवून दाखवणार. म्हणून फोनवर भांडण नको, उत्तर द्यायचंच झालं तर लेखी, दोन ओळी, त्याही पोरांच्या कामापुरत्या.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज ती आत्ता राहते तिथनं पण करता येतो, सासरच्या गावी जावं लागत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात, तेच घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडं देतात. वकिलाचे पैसे नसतील तर कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 वर पण फोन लागतो, बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत असं कायद्यात लिहिलंय, आता कोर्टात किती तारखा पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पण वकिलाला सांगून आधी तात्पुरता आदेश मागा. त्यात फोन, मेसेज, कुठल्याच मार्गानं संपर्क करायचा नाही असं कोर्ट त्याला बजावू शकतं, आणि मग पन्नासातला एक मेसेज जरी आला तरी तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न: फोन घरी ठेवून गाडीवरनं गेले तरी कळतं त्याला. गाडीत काही असू शकतं का?

असू शकतं. काडेपेटीएवढा जीपीएस ट्रॅकर सीटखालच्या डिकीत, बॅटरीच्या कप्प्यात नाहीतर पुढच्या पॅनलमागं मावतो, बटणाएवढे टॅग तर पर्सच्या अस्तरात पण शिवतात. आजकाल अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ट्रॅकर शोधायची सोय आहे, आयफोन तर आपणहून सांगतो, पण स्वतःचं सिम असलेला जीपीएस त्यात सापडत नाही, तो डोळ्यानंच शोधावा लागतो. सर्व्हिसिंगला टाकताना ओळखीच्या मेकॅनिकला सांगा, नवऱ्याच्या ओळखीच्या नाही, तुमच्या. सापडला तर जागचा हलवू नका, फोटो काढा आणि मग पोलिसांकडं जायचं का आत्ता गप्प राहायचं ते 181 वर बोलून ठरवा. खरंच कुणाला भेटायचं असेल त्या दिवशी गाडी नको, केएमटीच्या बसनं जा.

प्रश्न: साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. तो इन्स्टाचा पासवर्ड मागतोय, म्हणतो विश्वास असेल तर देशील. द्यावा का?

नाही. आणि नाही म्हटल्यावर तो कसा वागतो ते आईला सांग, हॉलचे पैसे भरायच्या आधी.

प्रश्न: तुमचं सदर मी वाचतो, पण मासिक सासूबाई आणि मालक दोघं पण चाळतात. हे पान माझ्याकडं दिसलं तर? फाडून ठेवू का?

नका फाडू, मधलंच पान गेलेलं लगेच लक्षात येतं. नंबर तीनच आहेत, 112, 181 आणि 15100, पाठ करा, पोरांच्या पाढ्यासारखे दोन-चारदा म्हटले की बसतात. बाकीचं जे हवंय ते मैत्रिणीच्या घरी तिच्या अंकातनं वाचा किंवा तिच्या फोनमध्ये फोटो काढून तिच्याकडंच राहू दे. आणि हा अंक वाचून झाला की उन्हाळी पापडांच्या पानावर उघडा ठेवून द्या, ते या वेळी सदराच्या पाठोपाठच छापलंय.